नमद्याखालची ऊब

तिलेकने बिश्केकमध्ये नवा फ्लॅट घेतला खरा, पण घरं तापवणारे शहराचे गरम पाण्याचे पाइप त्या इमारतीपर्यंत पोचलेच नव्हते. मग त्याने परवडेल तो उपाय केला. जमिनीच्या फळ्यांखाली विजेवर तापणारी, कागदासारखी पातळ चादर घालून घेतली. बाळंतीण बायको माहेरी होती आणि सासूबाईंनी बजावलं होतं, "घर उबदार दिसलं तरच नातू पाठवीन. नाहीतर हिवाळा इथेच."

आज त्या घर बघायला येणार, म्हणून तिलेकच्या आईने गावाहून स्वतःच्या हातचा जाड लोकरी नमदा आणून खोलीभर अंथरला.

सासूबाई बसल्या, नमद्यावर तळहात टेकला. "जावईबापू, हे घर आहे की मटण टांगायची खोली?"

तिलेकने चादरीचं बटण शेवटपर्यंत पिळलं. घाम फुटला तो त्यालाच. "आत्ता तापेल," असं तो म्हणाला, तोवर सासूबाई बूट घालायला निघाल्या.

घायकुतीला येऊन त्याने नमद्याचा कोपरा उचलला. खालून भट्टीसारखी धग आली. जमिनीची थंडी अडवणारा नमदा तितक्याच इमानाने तिची ऊबही अडवत होता.

आता तो गुंडाळायचा, म्हणजे आईलाच दार दाखवायचं. त्याने आईकडे पाहिलं.

"बघतोस काय, गाढवा? गुंडाळ!" म्हणत आईने स्वतःच वळकटी केली. मग कोट अंगात चढवून ती त्या वळकटीवर बसली, गाडीची वाट बघणाऱ्या उतारूसारखी.

सासूबाईंनी उघड्या फळ्यांवर पाय टेकला आणि बूट परत ठेवले.