दोन मिनिटं बसा

पस्तीस वर्षं मी रंगमंचावर राण्या झाले, सासवा झाले, भुतं झाले आणि एकदा तर झाडसुद्धा झाले. टाळ्या भरपूर घेतल्या. पण जिच्यासाठी आपणच उठून टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटलं, ती बाई भेटली दवाखान्याच्या व्हरांड्यात, वजनकाट्याशेजारी.

मानसोपचार विभागात डॉक्टरांच्या दाराअलीकडे या सिस्टरचं टेबल होतं. गळ्यात शिंप्यासारखा टेप. तो होताही शिंप्याचाच, नवऱ्याच्या दुकानातून आणलेला. पेशंट त्यांना टेपवाल्या सिस्टर म्हणत. पोटाला टेप गुंडाळला की कुणीतरी हमखास विचारायचं, "सिस्टर, पँट कधी मिळणार?"

"पोट आत गेलं की लगेच," असं म्हणत त्या आकडा लिहून घेत.

भास आणि मनातले आवाज आवरणाऱ्या गोळ्या गुणी असतात, पण अंगाला त्रासही देतात. भूक वाढते, वजन चढतं, साखर वाढते, हात थरथरतात. सिस्टर नव्या होत्या तेव्हा तिथल्या एका मुलीचं डोकं छान शांत झालं होतं. सगळे खूश. वर्षभर तिला काट्यावर कुणी उभंच केलं नाही. कपडे होईनासे झाले, तहान भागेना, आणि एक दिवस ती घरी कोसळली, तेव्हा कळलं की साखर आभाळाला भिडली आहे. पोरगी वाचली. दुसऱ्या दिवशी सिस्टर टेप घेऊन आल्या, तो बावीस वर्षं गळ्यातच राहिला.

काटा, टेप, रक्तदाब. मग "हात पुढे करा, बोटं पसरा", "जीभ दाखवा", "खिडकीपर्यंत चालून या". आणि शेवटी, "दोन मिनिटं बसा." त्या दोन मिनिटांत त्या काहीच करत नसत, नुसत्या बघत. मला वाटायचं, बिचारीला तेवढीच विश्रांती!

माझा धाकटा भाऊ ग्रंथालयात पुस्तकं बांधतो. स्टुलावर बसून फाटक्या पुस्तकांचे फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, सुईदोऱ्यानं शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. सगळं बैठं काम. तिशीपासून त्याला मधूनमधून आवाज ऐकू येत. बरीच वर्षं बरी गेली, मग त्यांनी पुन्हा उचल खाल्ली. नवी गोळी सुरू झाली, महिन्याभरानं ती दुप्पट झाली, आणि पंधरा दिवसांत गडी येरझाऱ्या घालू लागला. स्टुलावर टेकला की उठायचा. जेवणाच्या ताटावरूनही उठायचा. ग्रंथपाल बाईंनी दोनदा सांभाळून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "बसवत नसेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरी येऊन तो म्हणाला, "ताई, या गोळ्या मी फेकून देणार."

मला धडकीच भरली. पूर्वी एकदा त्यानं गोळ्या टाकल्या होत्या, तेव्हा तीन दिवस तो कुठे होता ते त्यालाही सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दवाखाना गाठला. रांग लांबलचक. डॉक्टर तरुण, त्यांच्या आईनं माझी नाटकं पाहिलेली. मी ओळख काढली आणि टेबल चुकवून आम्ही थेट आत! मग काय, मी सुरू झाले. भाऊ कसा फिरतो ते उठून, फिरून दाखवलं. हात कसे चोळतो, भिंतीकडे कसा टक लावून बघतो, तेही दाखवलं. भिंतीचा भाग माझ्या पदरचा होता, पण प्रवेश रंगला होता. भाऊ कोपऱ्यात, या पायावरून त्या पायावर होत उभा.

डॉक्टर गंभीर झाले. "म्हणजे आजार अजून उसळतोय," म्हणाले आणि त्यांनी गोळी आणखी वाढवून दिली.

चिठ्ठी घेऊन मी विजयी मुद्रेनं बाहेर पडते, तर सिस्टर आडव्या.

"माझ्या टेबलावरून न जाता कुणी गोळ्या नेत नाही. राणीसाहेब असल्या तरी."

"अहो, डॉक्टरांनी तपासलंय."

"कुणाला? तुम्हाला?" त्यांनी भावाकडे स्टूल सरकवलं. "दादा, दोन मिनिटं बसा."

तो बसला. टाच नाचायला लागली. मग गुडघा. तो उठू बघायचा, मांड्या घट्ट धरायचा, पुन्हा टेकायचा. सिस्टर घड्याळ आणि पाय, दोन्हींवर नजर ठेवून होत्या.

"दादा, धावपळ मनात आहे की पायात?"

"पायात."

"आणि आवाज?"

"ते कधीच थांबले. नवी गोळी लागू पडली त्यांना."

सिस्टरनी विचारलं, "मग आत सांगितलं का नाही?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ताई बोलत होती."

इतकी वर्षं संवाद पाठ केले, पण असा घाव घालणारा एकही माझ्या वाट्याला आला नव्हता.

हात आखडलेत का ते बघायला सिस्टरनी त्याचे कोपर वाकवून पाहिले, गोळी दुप्पट कधी झाली ते वहीत शोधलं आणि आत गेल्या. डॉक्टर स्वतः बाहेर आले, स्टुलासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी ते पाय नीट बघितले. मग चिठ्ठीवर काट मारली. ही तळमळ गोळीचीच होती. गोळी आणखी वाढली असती तर तळमळही वाढतच गेली असती, आणि भावानं सगळ्या गोळ्या खरंच फेकल्या असत्या. त्यांनी डोस कमी केला, पायांसाठी थोडे दिवस घ्यायला दुसरी एक छोटी गोळी दिली आणि बजावलं, "आपल्या मनानं काही बंद करायचं नाही. आठ दिवसांनी दाखवा." मला म्हणाले, "आई सांगायची, तुम्ही अगदी खऱ्या वाटता. आज पटलं!"

सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळी बाई त्या तिसऱ्या बाकावर बसतील. तोंड मिटून."

माझ्या उभ्या आयुष्यातली ती पहिली मूक भूमिका. आठ दिवसांनी मी बाकावरून पाहिलं, भावाची टाच अधूनमधूनच उडत होती. महिन्याभरात ती जमिनीला टेकली. ग्रंथपाल बाईंना दुसरा माणूस बघावा लागला नाही.

परवा सिस्टर निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशीही त्यांनी भावाच्या पोटाला टेप लावला आणि ओरडल्या, "दोन इंच वाढलंय! रोज अर्धा तास चालायचं. नव्या सिस्टरला लिहून ठेवते." मग तिसऱ्या बाकाकडे वळून म्हणाल्या, "बोला बाई. आज परवानगी आहे."

मी उठले. घरून चांगलं लांबलचक भाषण बसवून आणलं होतं. एक शब्द फुटेल तर शपथ! नुसती त्यांचा हात धरून उभी राहिले.

"बस ताई, मी बोलतो," भाऊ म्हणाला. "सिस्टर, मी आता रोज सहा तास बसतो."

त्यांनी वही उघडली आणि तेही लिहून घेतलं.