साहेबांची ट्यूब

माझ्या दादाने चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं, पण चालू असलेली ट्यूब कधी काढली नाही. "पेटतेय ना? मग हात लावू नकोस," हे त्याचं ठरलेलं वाक्य. घरातली प्रत्येक ट्यूब फडफडून जीव सोडेपर्यंत वापरायची. वहिनी गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हापासून अंधुक उजेडात सुईत दोरा ओवायला मीही शिकले.

त्याची मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि जाताना आपला सरडा आमच्या गळ्यात बांधून गेली. बिअर्डेड ड्रॅगन म्हणे. गळ्याखाली काटेरी दाढी, आणि दिवसभर दगडावर बसून आमच्याकडे रोखून बघायचं. काम काडीचं नाही, म्हणून मी त्याचं नाव साहेब ठेवलं. थाटही तसाच. काचेच्या पेटीत एका टोकाला दिवा, त्याखालचा दगड चाळीस अंश गरम. दुसरं टोक गार, उकडलं की साहेबांनी तिकडे सरकायचं. वर एक लांब खास ट्यूब, उन्हातले न दिसणारे किरण देणारी. रात्री सगळं बंद, त्यासाठी दादाने टायमर बसवला होता.

ट्यूब मात्र मुलीने स्वतः लावली होती. तिच्या टोकाला कागदी चिकटपट्टी, त्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख आणि खाली तिच्या अक्षरात एक ओळ: 'बाबा, ही मी येऊन बदलेन.'

ती तारीख आली नि गेली. तिला रजा मिळाली नाही. मग पुढच्या सुट्टीत येते म्हणाली, मग त्याच्या पुढच्या. बघता बघता दीड वर्ष झालं. दादा रोज फडक्याने ट्यूब पुसायचा आणि पट्टीपाशी आला की त्याचा हात हळू व्हायचा. मी तारखेची आठवण केली तर म्हणायचा, "पेटतेय ना?"

मग साहेबांचे पाय थरथरायला लागले. पाला तोंडातून गळायला लागला. दादाने त्यांना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, मीही गेले. बाईंनी बोटाने जबडा चाचपला.

"हाडं मऊ पडलीत, काका. ट्यूब कधी बदललीत?"

"चालू आहे ती. लख्ख पेटते."

"दिसायला पेटते हो. याला लागतात ते किरण कधीच संपलेत. औषध देते, पण ट्यूब आजच बदला. अजून वेळ गेलेली नाही."

परतताना दादाने नवी ट्यूब घेतली, घरी आणून टेबलावर ठेवली आणि तो तिच्यासमोर तासभर बसून राहिला. माझं डोकं तापलं.

"मुक्या जिवाचे हाल करून कशाची वाट बघतोयस?" म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

"मी बदलली, तर तिने यायचं कशाला?" तो म्हणाला.

मलाही ती हवी होती. दारात वाटेल तशा फेकलेल्या तिच्या चपला हव्या होत्या, त्यांच्यावरून तिला ओरडायचं होतं. मी उठून स्टूल धरलं.

दादा वर चढला. जुनी ट्यूब काढून त्याने पट्टी नखाने हळूहळू सोडवली, जराही फाटू दिली नाही. कात्रीने वरची तारीख कापून टाकली. नव्या ट्यूबवर नवी तारीख लिहून लावली, पुन्हा सहा महिन्यांनंतरची, आणि तिच्याखाली मुलीची ओळ ठेवली. जुना गोंद सुकला होता, पट्टी चिकटेना. तेव्हा त्याने वरून पारदर्शक चिकटपट्टीचे दोन वेढे मारले, अंगठ्याने दाबून धरले आणि मला म्हणाला, "लाव बटण."