पाटीच्या दुसऱ्या टोकाचा हात

"अजून काळी कर."

डॉक्टर माझ्या मागं उभे होते. डार्करूममध्ये लाल दिवा. ट्रेमधल्या औषधात एका बाईचा फोटो हळूहळू वर येत होता.

"चेहरा अजून काळा हवा. गरिबी दिसली पाहिजे."

मी नवा कागद लावला. फोटोच्या कागदावर जास्त उजेड पडला की तो काळा होतो. बाकीचा फोटो एका हातानं झाकून मी फक्त बाईच्या चेहऱ्यावर उजेड टाकला. दहा सेकंदांच्या जागी सोळा.

"अजून."

वीस.

"हां. आता कशी वाटते?"

मी कागद चिमट्यानं पुढच्या ट्रेमध्ये सरकवला. ती बाई माझी आई होती.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मुलुंड स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत मी कामाला होते. वय एकवीस. सुरुवातीला फोटो कापणं, अल्बममध्ये चिकटवणं एवढंच काम होतं. पुढं औषधांनी मालकांच्या हातांची कातडी फाटायला लागली, म्हणून त्यांनी मला डार्करूम शिकवली. माझा हात बसला. लग्नाचे फोटो रंगीत झाले होते, ते बाहेर लॅबला जायचे. आमच्याकडं उरले पासपोर्टचे फोटो, आणि स्थळं बघायला पाठवायचे मुलींचे फोटो. मुलींच्या आया काउंटरवर वाकून हळूच सांगायच्या, "जरा उजळ करा हो." मी करायचे. मुलुंडमधल्या किती काळ्या पोरी मी गोऱ्या करून दिल्या, गणती नाही.

स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला, बाजाराच्या गल्लीत, माझी आई पालेभाजी विकायची. मेथी, शेपू, कोथिंबीर. स्टुडिओत हे कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मालकांनी माझं आडनाव विचारलं. सांगितल्यावर त्यांच्या कपाळावर एक आठी आली. मग विचारलं, "आई काय करते?"

"घरीच असते," मी म्हणाले.

दुसरी आठी मला नको होती. बस्स, एवढ्यासाठी. ते खोटं टिकवायला मी रोज कामावर जाताना बाजार टाळून लांबचा वळसा घ्यायचे. आईला कळलं होतं. तिनं कधी विचारलं नाही. विक्रोळीच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीतून सकाळी आम्ही दोघी वेगवेगळ्या निघायचो. वडील गिरणीच्या संपात घरी बसले ते बसलेच. दिवसभर खोकायचे.

डॉक्टर म्हणजे मुलुंडातले नावाजलेले दातांचे डॉक्टर. फोटोंचा नाद. दवाखाना उघडायच्या आधी गळ्यात कॅमेरा अडकवून बाजारात हिंडायचे. आमच्या मालकांचं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या फोटोग्राफी क्लबाची वर्षाची स्पर्धा होती, त्यासाठी हा फोटो.

मी पहिल्यांदा तो पूर्ण छापला तेव्हा त्यात काय होतं ते सांगते. आई गुडघ्यांवर आलेली. एक हात भाजीच्या पाटीच्या काठावर घट्ट. दुसरा हात पुढं लांब केलेला, बोटं उघडी. तोंड उघडं. आणि फोटोच्या उजव्या कडेला खाकी बाहीतला एका माणसाचा हात, पाटीचं दुसरं टोक धरून ओढणारा. मागं पालिकेची गाडी.

तो दिवस मला माहीत होता. त्या सकाळी गाडी आली. सगळ्या बायका पळाल्या. आई पळाली नाही. त्या माणसानं पाटी ओढली, आईनं सोडली नाही. मेथी रस्त्यावर सांडली, तुडवली गेली. पण शेवटी वैतागून पाटी सोडली ती त्यानं. संध्याकाळी आई भाकरी थापता थापता सांगत होती आणि हसत होती. "म्या सोडते व्हय?"

डॉक्टरांनी वीस सेकंदांचा तो काळा फोटो ओला असतानाच दिव्यापाशी धरला. कडेवर बोट ठेवलं.

"हा हात काढून टाक. नजर तिकडं जाते. गाडी पण नको."

मी सुकल्यावर पट्टी ठेवली. ब्लेड फिरवलं. खाकी हात गेला, मागची गाडी गेली, पाटीचा अर्धा भाग गेला. उरली एक काळी बाई, गुडघ्यांवर, हात पसरून.

"आता बघ. याला म्हणतात फोटो."

फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून झाला, तेव्हा डॉक्टरांनी सुंदर अक्षरात खाली नाव लिहिलं. 'याचना'.

माझी आजी गावात दारोदार भाकरी मागायची. आमच्या लोकांचं ते कामच होतं. मेलेलं ढोर ओढायचं आणि संध्याकाळी दारासमोर लांब उभं राहून शिळं मागायचं. धम्म घेतला त्या वर्षी आजीनं भाकरी मागायचं टोपलं चुलीत घातलं. आई तेव्हा लहान होती. ते टोपलं जळताना तिनं बघितलं होतं. उपाशी झोपू पण मागणार नाही, हा आमच्या घरातला एकच कायदा. आणि मी, त्या घरातली दहावी झालेली पहिली पोर, माझ्या हातानं तिला मागायला बसवली होती. नोकरी जाईल म्हणून. आठी पडेल म्हणून.

स्पर्धा घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. रविवारी दुपारी. क्लबातल्या बऱ्याच जणांचे फोटो आम्हीच केले होते, म्हणून ते लावायला आणि नंतर काढायला मालकांनी मला पाठवलं. मी शेवटच्या बाकावर बसले. परीक्षक गावातून, म्हणजे फोर्टकडून आले होते. पिकलेले केस, हातात लाकडी पट्टी. एकेका फोटोसमोर उभं राहून ते बोलायचे आणि लोक वहीत लिहून घ्यायचे.

आईसमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"या काळ्या रंगाचा दर्जा बघा," ते म्हणाले. पट्टी आईच्या गालावर टेकली. "फाटक्या ब्लाउजचा हा खांदा. आणि हा हात. नशिबापुढं पसरलेला. या बाईच्या डोळ्यांत सगळा देश आहे."

कुणीतरी विचारलं, "सर, डोक्यावर जागा थोडी कमी पडली का?"

"नाही. उलट त्यामुळं ती दबल्यासारखी वाटते. उत्तम."

पट्टी खाली सरकली. आईच्या छातीवरून, पोटावरून, गुडघ्यांवर. शाळेत नकाशावर नद्या दाखवतात तशी.

मी उभी राहिले. कशी राहिले, माहीत नाही.

"ती मागत नाहीये."

सगळे मागं वळले.

"ती पाटी ओढतीय. पलीकडं पालिकेचा माणूस होता. त्याचा हात मी कापला. मला कापायला सांगितलं."

परीक्षक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले, लहान मुलीकडं बघून हसावं तसे.

"बाई, चौकटीच्या बाहेर काय होतं, त्याला आम्ही गुण देत नाही."

हॉल हसला. डॉक्टर उठून म्हणाले, "ही स्टुडिओतली मुलगी. प्रिंट हिनंच केलाय. हात चांगला आहे हिचा."

"पण तुला कसं ठाऊक?" परीक्षकांनी विचारलं.

"माझी आई आहे ती."

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले होते. मग परीक्षक म्हणाले, "अरे वा. मग तर तुला अभिमान वाटायला हवा."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मी मध्ये उभी. कान बंद करावेत तर हात उचलवेनात.

पहिलं बक्षीस 'याचना'ला मिळालं. बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांनी मला गाठलं. आवाज मायेचा होता.

"आईला सांग, पुढच्या आठवड्यात येतो. म्हणावं, त्याच साडीत बस."

सोमवारी मालकांनी कामावरून काढलं. कारण सांगितलं, "घरी असते म्हणालीस. खोटं बोलणारं माणूस मला नको." खोटं मी बोललेच होते.

रद्दीतला एक काळा, कापलेला प्रिंट मी घरी नेला. आईपुढं ठेवला. तिनं आधी ओळखलंच नाही.

"ही कोन?"

मग तिला साडी दिसली. तिनं फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"म्या हात कवा पसरला गं?"

तिनं फोटोच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"आन् त्यो कुठं गेला? पाटी वढनारा?"

"मी कापला, आये."

ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या हातांकडं बघत होती. मी सगळं सांगितलं, वळशाचंही. तिनं फोटो जमिनीवर पालथा ठेवला आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसली. शिवी दिली नाही. मारलं असतं तर सुटले असते. आठ दिवस ती माझ्याशी मीठ आणि पाणी एवढंच बोलली. मी भिंतीला टेकून बसायचे. वाटायचं, या घरात श्वास घ्यायचा हक्क आपला संपला.

नवव्या दिवशी मी उठले आणि सरळ रस्त्यानं बाजारात गेले. आईच्या गोणपाटावर जाऊन बसले.

"हितं कशाला आली?"

"बसायला."

"तोंड लपवायचं आसंल तर आत्ताच जा."

मी गेले नाही. तासाभरानं डॉक्टर आले, गळ्यात कॅमेरा. मला बघून थबकले, मग म्हणाले, "जरा बाजूला हो."

मी आईच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले.

"फोटो मिळणार नाही."

"रस्ता सगळ्यांचा आहे."

"आहे ना. म्हणून मी पण इथंच उभी राहणार."

ते पुढच्या बाईकडं वळले. मीही गेले. त्या बाईला सांगितलं, हा माणूस तुझा फोटो काढेल आणि खाली भिकारीण लिहील. ती उठली. तिच्या शेजारची उठली. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "तुझंच नुकसान करून घेतेयस," ते म्हणाले. खरंच होतं ते. मुलुंडात एकाही स्टुडिओनं मला परत दारात उभं केलं नाही.

'याचना' त्यांच्या दवाखान्यात लागली. दाढ दुखणारी माणसं माझ्या आईकडं बघत नंबर येईपर्यंत बसायची. तो फोटो मला उतरवता आला नाही. तो कुठंतरी असेल अजून. आईनं मला माफ केलं का, तेही मला कळलं नाही. मी विचारलं नाही. माफी मागायची वस्तू नाही.

पण एक ठरलं. आमच्या माणसांकडं बघायचं तर समोर येऊन बघायचं. आधी नाव विचारायचं. काय करतेस ते विचारायचं. आणि ती नको म्हणाली तर निघून जायचं. हे ज्याला जमत नाही, त्याला मी आडवी जाणार. मग तो डॉक्टर असो, परीक्षक असो, नाहीतर माझ्याच वस्तीतला शिकून मोठा झालेला कुणी असो. भांडण होईल. होऊ दे.