परत आलेल्या माणसाचं पाणी

केंब्रिजमधल्या आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एक खुर्ची होती. तिथे बसलं की फोनचं नेटवर्क बरं यायचं, म्हणून ती वरच्या खोलीतल्या मैत्रिणीची झाली होती. ती पीएचडी करत होती, माझ्याहून बरीच मोठी. तिचं गाव परक्या लष्कराच्या ताब्यात आहे. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिची माणसं अजून तिथेच राहतात.

तिच्या आईच्या स्तनात गाठ निघाली होती. ऑपरेशन गावात झालं, पण रेडिएशनचं मशीन सैनिकांच्या चौकीपलीकडच्या शहरात होतं. पलीकडे जायला परवाना लागायचा, सोबत जाणाऱ्याला वेगळा. भाऊ तरुण, म्हणून त्याला नाकारला. मिळाला तो एका म्हाताऱ्या मावशीला, जिला स्वतःलाच धरून चालवावं लागायचं.

मला हे सगळं समजायला वेळ लागला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे न समजलेलं विचारायला मी बिचकते. दवाखाना लांब असतो एवढं मात्र मला ठाऊक होतं. बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना नांदेडला नेलं होतं. रस्ता खराब, आणि पोचलो तर डॉक्टर जेवायला गेलेले. पण वाटेत कुणी अडवलं नव्हतं. उलट बाबांनीच चहासाठी जीप थांबवायला लावली होती, छातीवर हात धरून.

माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अडवतं कोण पण? डॉक्टर?"

"नाही गं, सैनिक."

"सैनिकाला काय कळतं गाठीतलं?"

मग तीच म्हणाली, "निघायच्या वेळी दही-साखर दे. आई तिकडे असली म्हणून काय झालं, लेकीच्या हातावर ठेव."

म्हणून रेडिएशनच्या पहिल्या तारखेच्या सकाळी मी सुपरमार्केटमधल्या घट्ट दह्यात साखर कालवून मैत्रिणीच्या तळहातावर ठेवली. फोन खिडकीला टेकवलेला होता. पडद्यावर तिची आई कोट घालून, पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती.

"दह्यात साखर?" मैत्रीण म्हणाली. "आमच्याकडे मीठ घालतात. तुम्ही आजाऱ्याला शिक्षा करता का?" पण तिने हात चाटून पुसला. तिची आई निघाली.

दुपारच्या आत ती परत घरी होती. चौकी बंद होती. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर ती तशीच कोट घालून उभी होती. मला ते बघवेना. मी म्हणाले, "त्यांना सांग, थोडं बसा, पाणी प्या आणि मग निघा."

आमच्याकडे असंच म्हणतात. निघालेलं माणूस अर्ध्या वाटेतून परत आलं तर लगेच पुन्हा बाहेर पडत नाही. बसतं, पाणी पितं. मग ते निघणं नव्याने सुरू होतं. पण हे चावी विसरून परत आलेल्या माणसासाठी असतं. मी कुणाला सांगत होते!

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, मग खरंच आईला तिच्या भाषेत सांगितलं. आई ऐकत राहिली. खुर्ची ओढून बसली, मावशीकडून पाणी मागून घेतलं, सगळं प्यायली आणि फोनकडे बघून काहीतरी बोलली.

"ती विचारतेय," मैत्रीण म्हणाली, "प्यायले. आता निघू का?"

तिकडे दोघी म्हाताऱ्या हसल्या. आम्हीही हसलो. परवाना त्या एका दिवसापुरता होता.

पुढच्या वेळीही परत पाठवलं. त्याच्या पुढच्या वेळीही. दर वेळी ती फोनसमोर बसून पाणी प्यायची. आधी मला बघून ग्लास उंचवायची. नंतर हसेनाशी झाली, पण पाणी प्यायची.

त्याच सुमारास कानाच्या दुखण्यासाठी मी इथल्या हॉस्पिटलात गेले. बसमधून उतरले, काचेची दारं आपोआप उघडली. आत गेल्यावर मी वळून पाहिलं. दारं मिटत होती, आणि पलीकडे कोट घातलेली एक बाई उभी आहे असं मला वाटलं. तिथे कुणीच नव्हतं. अजूनही तशी दारं उघडली की मी वळून बघते.

अखेर एकदा मैत्रिणीच्या आईला चौकीतून सोडलं. मावशीला परत पाठवलं, म्हणून ती एकटीच गेली. आम्ही खिडकीपाशी वाट बघत बसलो. संध्याकाळी फोन आला. आजार मणक्यात उतरला होता. रेडिएशन आता देतील, पण दुखणं कमी व्हावं म्हणून, एवढंच. मैत्रिणीने हे मला नळाखाली हात धरून सांगितलं, आणि नळ बंद करायचं विसरली.

ती पीएचडी अर्धी टाकून निघाली. गेली तर पुन्हा बाहेर सोडतील याची खात्री नव्हती. टॅक्सीची वाट पाहत असताना मी वाटीत दही-साखर आणली.

"ते नको," ती म्हणाली. "पाणी दे."

कोट घालूनच ती खिडकीपाशी बसली आणि सावकाश ग्लास संपवला. हे परत आलेल्याने करायचं असतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी बोलले नाही.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. "पोचले. आईच दार उघडायला आली. म्हणाली, आधी बस, पाणी पी."

पाणी पिऊन झालं की पुन्हा निघायचं असतं, ते तिने लिहिलं नव्हतं.