पथ्याची तवकील

आमच्या घरात आजवर शिजलेला सगळ्यात अपायकारक पदार्थ मी आबांच्या तब्येतीच्या काळजीपोटी शिजवला.

आबा म्हणजे माझे वडील. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण साताऱ्यातल्या आमच्या घरातून सैन्य काही निवृत्त झालं नाही. (पांघरुणाची घडी वाकडी दिसली तर मला अजून चहा उशिरा मिळतो. मी पन्नाशी ओलांडली आहे.) अशा शिस्तीच्या माणसाला साखरेचा आजार झाला, आणि नेमका त्याच वर्षी बेळगावला त्यांच्या जुन्या पलटणीचा मेळावा ठरला. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी रक्त तपासू. साखर आटोक्यात असेल तर खुशाल जा. नसेल तर घरी बसायचं." त्या दिवसापासून आबा बिनसाखरेचा चहा प्यायला लागले आणि रोज सकाळी बुटांना पॉलिश करायला लागले.

मी मात्र नुकताच ऑफिसात आहार आणि आरोग्यावरचं एक व्याख्यान ऐकून आलो होतो. निदान अर्धं तरी. (मध्ये डोळा लागला.) तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या ताटात डोकावणं हे मी माझं कर्तव्य मानलं होतं.

रविवारी सांगलीहून सासूबाईंनी द्राक्षांची पेटी पाठवली. त्यांच्याकडे द्राक्षाची तवकील करतात. द्राक्षांचा रस गाळून उकळायचा, त्याला तवकिरीचं पीठ लावून घट्ट करायचा आणि वाट्यांमध्ये थंड करायचा. तवकीर म्हणजे ते उपवासाला आणतो ते पांढरंशुभ्र, बोटांत करकरणारं पीठ. ही तवकील म्हणजे आबांचा जीव की प्राण! पेटीकडे बघून त्यांनी सोडलेला सुस्कारा माझ्या काळजात घुसला.

"संगीता, आज तवकील मी करणार," मी बायकोला म्हणालो. "आबांसाठी. पथ्याची."

"तवकील आणि पथ्याची?"

"अगं, उपवासाला चालते ना? आजाऱ्याला देतात ना? मग पथ्याचीच झाली की!"

"साबुदाणासुद्धा चालतो उपवासाला. बटाटासुद्धा चालतो. मागच्या एकादशीला तुमच्या पँटचं बटण उडून देवघरात गेलं होतं."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. साखरेचा डबा उचलून माळ्यावर ठेवला आणि रसात खजूर ओतला. नैसर्गिक! मग उकळत्या रसात तवकिरीचं पीठ टाकलं. (आधी ते गार पाण्यात कालवायचं असतं, हे आता मला कळलं आहे. खरं तर आता सगळ्या गल्लीलाच कळलं आहे.) बघता बघता पातेल्यात गोट्या तयार झाल्या. गोट्या फुटाव्यात म्हणून आणखी रस घातला, तर पातळ झालं. व्याख्यानात लिंबाची फार स्तुती होती म्हणून दोन लिंबं पिळली, तर ते आणखी पातळ झालं! म्हणून आणखी पीठ. मग ते फिकं लागलं म्हणून आणखी खजूर. छोटं पातेलं भरलं, मोठं भरलं, शेवटी पुरणाचं पातेलं काढलं. संगीता दारात उभी राहून म्हणाली, "पलटणच जेवायला बोलावली आहे का?"

आणि मग ते एकदम घट्ट झालं. इतकं, की पळी सोडली तरी पडेना.

आबा आत आले. त्यांनी पातेल्यात बघितलं.

"ही पळी सावधान हुबी हाय," ते म्हणाले. "खायाचं हाय का भिताडाला लावायचं हाय?"

"आबा, तुमच्यासाठी केलंय! साखरेचा कणसुद्धा नाही. बिनघोर खा."

"उद्या रगात तपासायचं हाय रं."

"म्हणून तर केलंय! पौष्टिक आहे."

पोराने एवढा खटाटोप केला आहे, हे पाहून आबांनी एक वाटी घेतली आणि व्हरांड्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने रिकामी वाटी आली. मी आनंदाने दुसरी भरून दिली. तीही रिकामी आली. मी तिसरीही दिली! आयुष्यात पहिल्यांदाच वडिलांना माझं काहीतरी पसंत पडलं होतं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"द्राक्षं गोड हायती का, जावईबापू?"

"अमृत, मामी! आबांना तवकील करून घातली. बिनसाखरेची."

"आगंबया! सुभेदारास्नी? आवं, त्यास्नी साखर हाय न्हवं?"

"पण मी साखर घातलीच नाही. खजूर घातला."

"मग खजूर काय कडू आसतोय व्हय? आन द्राक्षं? आन ती तवकीर निसतं पीठच की वो! पोटात ग्येल्यावर त्याचं काय हुतंय? किती खाल्ली त्यानी?"

"तीन वाट्या."

"संगीला फोन द्या," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांपुढे पॉलिश केलेले बूट आले. मी आबांचा मेळावा बुडवला होता! साखर जिरवायची म्हणून त्यांना ताबडतोब अजिंक्यताऱ्याच्या चढावर न्यायला काढलं. पहिल्याच वळणावर मला दम लागला. पुढचा चढ आबा माझ्या पाठीला हात लावून मला ढकलत होते.

"आबा, मला माफ करा," मी धापा टाकत म्हणालो.

"बोलू नगंस. नाकानं श्वास घे."

घरी आल्यावर पातेलं तसंच होतं. आबांना परत मोह व्हायला नको आणि अन्न टाकलं तर आबा घराबाहेर काढतील, म्हणून प्रायश्चित्त समजून ते मीच खायला बसलो. उरलेलं सकाळी खरवडून डब्यात भरलं. व्हरांड्यातल्या जास्वंदीच्या कुंडीला मुंग्यांची ही मोठी रांग लागली होती, पण माझं तिकडे लक्ष कुठलं!

दवाखान्यात आबांना धीर यावा म्हणून मीही रक्त दिलं. एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यावर. आबांनी खाल्ली भाकरी. मी डबा संपवला.

डॉक्टरांनी कागद बघितला. "सुभेदार, फर्स्ट क्लास! जा बेळगावला." मग दुसरा कागद बघितला आणि चष्मा काढला. "हे कोण?"

"नमुने बदलले असतील," मी म्हणालो.

"काय खाल्लं होतं?"

मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तवकीर पचायला हलकी, म्हणजेच तिची साखर झटपट होते. वर द्राक्षाचा गाळलेला रस, त्यात खजूर! त्यापेक्षा चार द्राक्षं सालासकट चावून खाल्ली असती तर चाललं असतं. वजन उतरवा. तीन महिने गोड बंद."

"पण आबांनी तीन वाट्या खाल्ल्या!" मी ओरडलो.

आबा खाली बघून म्हणाले, "योकच चमचा खाल्ला. बाकी जास्वंदीला घातली."

"अन्न टाकलं तुम्ही?"

"टाकलं न्हाई. झाडाला वाढलं."

आबा बेळगावला जाऊन आले. छाती दोन इंच रुंद झाली होती आणि हातात कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, खोका होता. त्यांनी संगीताला दिला, शेजाऱ्यांना दिला, दूधवाल्याला थांबवून दिला. मी हात पुढे केला.

"तुजा रिपोर्ट चांगला आला की बघू," आबा म्हणाले, आणि खोका आपल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

आता रोज सकाळी ते मला चढावर नेतात, आणि परत आल्यावर मी व्हरांड्यात बिनसाखरेचा चहा पीत जास्वंदीकडे बघत बसतो. तिला यंदा एवढी फुलं आली आहेत की फांद्या वाकल्यात. माझा पौष्टिक आहार मानवलेली घरात ती एकटीच.