अंगात आलेली सीडी

रायपूर राजधानी झालं आणि गल्लोगल्ली छत्तीसगढी गाण्यांचे अल्बम निघू लागले. माझी धाकटी बहीण नाचायची छान. नवरात्रातल्या देवीच्या गाण्याच्या व्हिडिओत, जसगीतात, तिला काम मिळालं. अभनपूरजवळच्या तळ्याकाठी शूटिंग झालं. मांदर वाजतो, बायका डोक्यावर जवारे, उगवलेल्या गव्हाच्या टोपल्या, घेऊन निघतात आणि त्यांच्यातल्या एकीच्या अंगात देवी येते. ती एक म्हणजे माझी बहीण. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, देवळात दर नवरात्रात असं घुमणं आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. तिनं केस मोकळे सोडले आणि अशी घुमली, की मांदर वाजवणाऱ्यानंच ताल सोडून हात जोडले. तेही सीडीत तसंच राहिलं.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, मराठी मंडळात ऊठबस असलेले. त्यांना या सीडीचा कोण अभिमान! वर्ध्याहून मुलाकडचे बहिणीला पाहायला आले, पोहे झाले, पोरीनं विणलेले रुमाल दाखवून झाले. तेव्हा बाबांनी आपण होऊन टीव्ही लावला. आई स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारत होती, पण बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं.

गाणं संपलं. मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली.

"अमावस्येले काही त्रास होते का हिले?"

"अहो, अ‍ॅक्टिंग आहे ते," बाबा हसले.

"अ‍ॅक्टिंगमधी असे डोळे फिरते का? आमच्या घरी लहान लेकरं आहेत, भाऊ."

बहीण ट्रे धरून उभी होती. तिच्या कामाला याहून मोठी दाद कधी मिळाली नाही आणि तिचं वाटोळंही त्याच दादेनं केलं. मला इतका संताप आला, की मी टीव्हीची वायर उपटली. चूक टीव्हीची थोडीच होती!

आपल्या लोकांत अशी बातमी पोचायला काय वेळ लागतो? नागपूरपर्यंत झालं, रायपूरची ती पोरगी, तिच्या अंगात येते. पुढची स्थळं पत्रिका जुळत नाही म्हणू लागली. पत्रिका न मागताच! बाबांनी सीडी पेटीत तळाशी टाकली आणि मंडळात जाणं सोडलं. वारले तोपर्यंत स्वतःला दोष देत होते. तुमची चूक नाही, असं आम्हीही त्यांना कधी म्हटलं नाही.

इकडे पाऱ्यात उलटंच. तीच सीडी पाहून बायका नारळ-लिंबू घेऊन दारात. "दाई, मोर नाती ला फूंक दे," म्हणत एका म्हातारीनं तापानं फणफणलेला नातू तिच्या पुढ्यात धरला. आधी बहीण हसायची, समजावायची, "दादी, वो तो शूटिंग था." म्हातारी मान डोलवायची आणि पाया पडायची. हळूहळू बहिणीनं समजावणं सोडलं. मग हसणंही सोडलं.

आता तिचे केस पांढरे झालेत. गेल्या नवरात्रात मी शंकरनगरच्या सासरहून माहेरी गेले होते. मांदर सुरू झाला आणि बायका तिला न्यायला आल्या. ती आरशासमोर एकेक पिन काढत होती.

"काहून जातेस तू?" मी चिडून म्हटलं. "तुले माहीत आहे ना, तुझ्या अंगात काही येत नाही ते?"

"माहीत आहे."

"मग?"

"तिथं मले बसाले जागा करून देतात, ताई," ती म्हणाली. "आपल्याकडच्या लग्नात मी बसली की बाजूची बाई लेकरू उचलून घेते."

तिनं पिना माझ्या हातात दिल्या, केस मोकळे सोडले आणि त्या बायकांबरोबर गेली.