घर भावाचं, जमीन गावची

माझा धाकटा भाऊ गोव्यात मांद्र्याच्या गेस्टहाऊसमध्ये कामाला आहे आणि मांद्र्यातच भाड्याने राहतो. पर्यटकांचा हंगाम आला की घरमालक खोल्या रिकाम्या करून घेतो. मग भाऊ, भावजय आणि त्यांची एकुलती एक मुलगी डिचोली तालुक्यात, माझ्या हॉलमध्ये येऊन राहतात. पाऊस सुरू झाला की परत मांद्रे.

यंदा आमच्या मूळ गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, संस्थेने एक योजना काढली. घर बांधणाऱ्याचं, जमीन कायम संस्थेची. विकायचं झालं तर ते संस्थेलाच, बांधकामाचा खर्च धरून ठरलेल्या किमतीत. मी दोनदा हिशेब केला. भावाला परवडत होतं. आपल्या फायद्याचं कुणी आपणहून कशाला देईल, ही शंका मात्र जाईना.

"हे जमीनमालक भाटकाराच्या जागेत त्याच्या मर्जीने राहणाऱ्या मुंडकारासारखंच झालं," मी म्हणालो.

"दादा, तू वांगी घेतानासुद्धा बी कुणाचं ते विचारतोस," भाऊ म्हणाला. "भाटकार एकटा असतो. इथे मीही गावकार आहे."

संस्थेच्या सभेला आम्ही पुरुष आत बसलो होतो. भावजय दारात उभी होती. भावानंतर घर कुणाचं, एवढंच मी विचारलं. अध्यक्षांना प्रश्नच कळला नाही. गावकारपण बापाकडून मुलग्याकडे जातं, तसंच घरही जाईल. मुलगा नसेल तर घर संस्थेकडे परत येईल, असं ते सहज सांगून गेले. लबाडी नव्हती. शेताच्या वाट्याला लागू असलेली रीत त्यांनी घरालाही लावली होती. मागून कुणीतरी म्हणालं, मुलीला काय, नवऱ्याचं घर असेलच की.

"मगे आमी भाड्यानंच बरी," भावजय दारातूनच म्हणाली. "मालक निदान वरसाक सांगान तरी भायर काढता."

बराच खल झाला. शेवटी मुलगा असो वा मुलगी, घर तिच्याकडे किंवा त्याच्याकडे जाईल, असं ठरलं. काहींनी हात नाइलाजाने वर केले, ते मी पाहून ठेवलं.

भावाने तिथेच घराच्या करारावर सही करायला पेन मागितलं. ठराव लिहून, सगळ्यांच्या सह्या होऊन हातात येऊ दे, मी म्हणालो. तो माझ्यावर चिडला. भावजयीने पेन घेतलं आणि आपल्या पिशवीत टाकलं.